पहिल्या गुरूचे घराणे

ग्वाल्हेर, आग्रा, किराणा, पतियाळा, भेंडीबाजार. ख्यालगायकीची बहुतेक घराणी गावांच्या, वस्त्यांच्या नावांनी ओळखली जातात. या यादीत नागपूर नाही, अमरावती नाही, मग भंडारा कुठून असणार? पण विदर्भाने अनेक घराण्यांची विद्या पेलणारे गवई दिले. गावातल्या एखाद्या गुरुजींनी त्यांचा पाया आधीच पक्का करून घेतला होता. वैदर्भीय संगीताची खरी मिरास हे पहिले गुरूच आहेत.

घराणे म्हणजे आवाज लावण्याची, राग उलगडण्याची आणि लय हाताळण्याची एक ठाम शिस्त. ग्वाल्हेरचा गवई आधी बंदिश स्थायी-अंतऱ्यासकट नीट मांडतो. मग आलाप, बोलआलाप, बोलताना आणि ताना अशा पायऱ्या चढत जातो. किराण्याचा गायक एकेका सुरावर थांबून संथ बढत करतो. अल्लादिया खाँसाहेबांच्या जयपूर-अत्रौली गायकीत पेचदार तान लयीच्या अंगाने चालते आणि अनवट रागांना मान असतो. भेंडीबाजारची ओळख म्हणजे खंडमेरूची बैठक आणि सरगम. गंडा बांधून वर्षानुवर्षे गुरूसमोर बसल्याशिवाय यातले काही गळ्यात उतरत नसे. म्हणूनच विद्या फार थोड्यांच्या हाती राहिली.

त्यातली ग्वाल्हेरची विद्या मराठी मुलखात आली ती मुख्यतः पंडित बाळकृष्णबुवा इचलकरंजीकर (1849–1926) यांच्यामुळे. हद्दू-हस्सू खाँच्या परंपरेतले वासुदेवबुवा जोशी यांच्याकडून त्यांनी ग्वाल्हेरची तालीम मिळवली आणि ती दक्षिण महाराष्ट्रात रुजवली. त्यांचे शिष्य विष्णु दिगंबर पलुस्कर यांनी 5 मे 1901 रोजी लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढले. ठरलेला अभ्यासक्रम, छापील स्वरलिपी, वर्गातले शिक्षण आणि परीक्षा या गोष्टी त्यांनी गाण्यात आणल्या. सामान्य घरातल्या मुलामुलींना गाणे शिकण्याची वाट त्यातून मोकळी झाली. 1931 साली त्यांच्या निधनानंतर शिष्यांनी अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळ स्थापन केले. प्रारंभिकपासून विशारद-अलंकारपर्यंतच्या मंडळाच्या परीक्षा आजही गावोगावचे विद्यार्थी देतात.

वर्गात गवई घडत नाहीत, हा आक्षेप जुना आहे. त्याचे उत्तर नागपुरात सापडते. पलुस्करांच्या परंपरेतले शंकरराव सप्रे नागपुरात गाणे शिकवत. मूर्तिजापूरला 1920 साली जन्मलेले वसंतराव देशपांडे लहानपणी आईबरोबर नागपूरला आले आणि सप्रे गुरुजींकडे शिकू लागले. पुढे चित्रपटसंगीतात नाव कमावलेले सी. रामचंद्रही गुरुजींचेच विद्यार्थी. 1935 साली पडद्यावर आलेल्या भालजी पेंढारकरांच्या ‘कालियामर्दन’मध्ये वसंतराव कृष्ण झाले. पुढे लाहोरला असद अली खाँकडून त्यांनी मारवा रागाची तालीम घेतली, पुण्यात सुरेशबाबू मान्यांकडून किराण्याचा सूर घेतला आणि अमान अली खाँ व अंजनीबाई मालपेकर यांच्याकडून भेंडीबाजारची विद्या मिळवली. दीनानाथ मंगेशकरांच्या धाडसी, झेपावणाऱ्या गायकीचा ठसा तर त्यांच्या गळ्यावर कायम राहिला.

इतक्या ठिकाणचे घेऊनही त्यांच्या गाण्याचे कडबोळे झाले नाही, कारण लहानपणी झालेला सूर-तालाचा संस्कार पक्का होता. पोटासाठी लष्करी हिशेब खात्यात अनेक वर्षे कारकुनी करत त्यांनी गाणे जपले. मग 1967 साली ‘कट्यार काळजात घुसली’ रंगमंचावर आले. घराण्याची विद्या कुलूपबंद ठेवावी की योग्य शिष्याला द्यावी, हाच या नाटकाचा गाभा. लेखक पुरुषोत्तम दारव्हेकर नागपूरचे, नाटकातले खाँसाहेब साकारणारे वसंतरावही नागपुरात वाढलेले. घराण्यांच्या नकाशावर नाव नसलेल्या भागातून घराण्यांविषयीचे मराठीतले सर्वांत समर्थ नाटक आले, याचा मला अभिमान वाटतो.

दुसरे उदाहरण पंडित उल्हास कशाळकरांचे. यवतमाळ जिल्ह्यातल्या पांढरकवड्याला 1955 साली त्यांचा जन्म झाला. पहिले गुरू घरातच होते, वडील. नागपूर विद्यापीठात संगीत शिकून ते मुंबईकडे राम मराठे आणि गजाननराव जोशी यांच्याकडे गेले. गजाननराव हे बाळकृष्णबुवांचे शिष्य अंतूबुवा जोशी यांचे चिरंजीव. म्हणजे इचलकरंजीची ती धारा पांढरकवड्याच्या मुलाच्या गळ्यात उतरली. ग्वाल्हेर, आग्रा, जयपूर या तिन्ही गायकींवर आज त्यांची हुकमत आहे आणि कोलकात्याच्या संगीत रिसर्च अकादमीत त्यांनी पुढची पिढी घडवली. 2010 साली त्यांना पद्मश्री मिळाली.

वैनगंगेकाठचा भंडारा जिल्हा नागपूरपासून दूर नाही. गाण्याचा कान तर इथे पिढ्यान्‌पिढ्या तयार आहे. दिवाळीनंतर गावोगाव मंडई भरते, दंडार रंगते, खडी गंमत पहाटेपर्यंत चालते, झाडीपट्टीच्या नाटकांत पदांना दाद मिळते. भजनी मंडळ नाही असे गाव विरळाच. इथला शाहीर उघड्यावर हजार माणसांसमोर आवाज टाकतो. त्या आवाजाला लहानपणी स्वरज्ञानाची जोड मिळाली, तर ख्यालाचे दार त्याला परके राहणार नाही.

तुमसर, साकोली, पवनी, लाखनी इथल्या पालकांना म्हणूनच सांगणे आहे. गावात हार्मोनियम घेऊन चार मुलांना अलंकार घोटून घेणारे गुरुजी किंवा बाई असतील, तर त्यांच्याकडे मुलांना पाठवा आणि परीक्षेच्या प्रमाणपत्रावर थांबू नका. शाळांनी अशा गुरुजींना आठवड्यातून दोन तास द्यावेत, गणेशोत्सव मंडळांनी ध्वनिवर्धकांच्या भिंतीऐवजी एक संध्याकाळ त्यांच्या विद्यार्थ्यांच्या गाण्याला द्यावी. मोठे उस्ताद पुढे भेटतील, ते शहरात असतात. पहिला गुरू मात्र गावातच असावा लागतो, आणि त्याला जगवणे गावाचेच काम आहे.