प्रोग्रॅम थांबवून बघताना

पॉलिटेक्निकच्या पहिल्या वर्षाची मुलं सी शिकायला लॅबमध्ये येतात, तेव्हा बहुतेकांना वाटत असतं की व्हीएस कोड इन्स्टॉल केलं म्हणजे कॉम्प्युटरवर सी आलं. पहिला प्रोग्रॅम टाइप होतो, रंगीत अक्षरांत छान दिसतो, आणि रन करायला गेलं की टर्मिनलवर लाल ओळी येतात: ‘जीसीसी’ ही कमांड ओळखता येत नाही. "मॅडम, एडिटर बिघडलाय."

एडिटर बिघडलेला नसतो. व्हीएस कोड हे लिहिण्याचं साधन. मायक्रोसॉफ्टनं ते २०१५ साली आणलं आणि ते फुकट मिळतं, पण सीचा प्रोग्रॅम मशीनच्या भाषेत नेणारा कंपायलर त्याच्याबरोबर येत नाही. चूक शोधायला मदत करणारा डीबगर हा आणखी तिसरा. या तिघांची गाठ प्रत्येक विद्यार्थ्यानं एकदा तरी स्वतःच्या हातानं घालून द्यावी, याबाबत मी हट्टी आहे. सगळं आधीच बसवलेलं मशीन मी मुद्दाम देत नाही.

आपल्याकडे हा गोंधळ होतो, कारण वर्षानुवर्षं आपण टर्बो सी++ वर शिकलो आणि शिकवलं. त्यात तिन्ही गोष्टी एकाच निळ्या पडद्यावर होत्या. त्या पडद्यानं कितीतरी इंजिनिअर घडवले, हे मी मनापासून मानते. तरी आजच्या मुलांना तो देऊ नये. ते सॉफ्टवेअर डॉसच्या काळातलं, १६ बिटांचं; ६४ बिटांच्या विंडोजवर ते थेट चालत नाही, डॉसबॉक्ससारखा आधार लागतो. त्याच्या ‘इंट’मध्ये ३२,७६७ पेक्षा मोठी संख्या मावत नाही. ८ चं फॅक्टोरियल ४०,३२०. टर्बोच्या इंटमध्ये ते उणे २५,२१६ होतं. प्रोग्रॅम बरोबर लिहिलेल्या मुलाला असं उत्तर दिसलं, की तो स्वतःच्या डोक्यावर शंका घेतो. याचं मला फार वाईट वाटतं.

जुळवाजुळव अशी. विंडोजवर आधी एमएसवायएस२ इन्स्टॉल करायचं आणि त्याच्या टर्मिनलमधून जीसीसी हा कंपायलर आणि जीडीबी हा डीबगर उतरवून घ्यायचा. दोन्ही रिचर्ड स्टॉलमन यांनी सुरू केलेल्या ग्नू प्रकल्पातले. जीसीसी १९८७ पासून लोकांच्या हातात आहे. मग ज्या ‘बिन’ फोल्डरमध्ये ते बसले, त्याचा पत्ता विंडोजच्या ‘पाथ’मध्ये घालायचा. बहुतेक मुलं अडकतात ती इथंच. कमांड दिली की ती कुठल्या फोल्डरांत शोधायची, त्याची यादी म्हणजे पाथ. पत्ता घातल्यावर व्हीएस कोड बंद करून पुन्हा उघडावं लागतं, कारण आधीच उघडलेल्या टर्मिनलकडे जुनीच यादी असते. प्रोग्रॅमच्या फोल्डरला मात्र साधं रोमन अक्षरांतलं नाव द्यावं. देवनागरी नावाच्या फोल्डरमध्ये डीबगर अडखळू शकतो. आपल्या भाषेत फोल्डर ठेवणाऱ्या मुलाला हे सांगताना मला अजूनही जड जातं.

राहिलं मायक्रोसॉफ्टचं सी/सी++ एक्स्टेन्शन. ते टाकलं की व्हीएस कोड कंपायलरला आणि डीबगरला हाक मारू शकतं. कंपाइल करताना ‘उणे जी’ हा पर्याय दिलेला हवा. त्यामुळे तयार झालेल्या फाइलमध्ये मूळ ओळींचा आणि व्हेरिएबलच्या नावांचा माग राहतो. तो नसेल तर डीबगरला तुमची ओळ सापडणार नाही.

आता खरी गंमत. पाच विषयांच्या गुणांची बेरीज करायची आहे, उत्तर काहीतरी भलतंच येतंय. मुलं काय करतात? प्रत्येक ओळीखाली प्रिंटएफ घालत सुटतात. मी सांगते, लूपच्या पहिल्या ओळीवर एफ-९ दाब. डाव्या कडेला लाल ठिपका येतो, तो ब्रेकपॉइंट. मग एफ-५. प्रोग्रॅम त्या ओळीवर थांबतो आणि बाजूला सगळी व्हेरिएबल्स त्या क्षणाच्या किमतींसह दिसतात. एकही गुण मिळवलेला नसताना ‘सम’मध्ये आधीच काहीतरी विचित्र संख्या बसलेली असते. सीमध्ये फंक्शनच्या आतलं व्हेरिएबल आपोआप शून्य होत नाही. वर्गात ही गोष्ट मी कितीदा सांगितलेली असते, पण ती पटते ती संख्या डोळ्यांनी पाहिल्यावर. ‘सम बरोबर शून्य’ लिहायचं, पुन्हा एफ-५, आणि एफ-१० दाबत एकेक ओळ पुढे जायचं. बेरीज विषयागणिक वाढताना दिसते.

रिकर्शन तर मी आता डीबगरशिवाय शिकवतच नाही. फॅक्टोरियलला ४ द्यायचे आणि एफ-११ दाबत फंक्शनच्या आत शिरत जायचं. ‘कॉल स्टॅक’ नावाच्या चौकटीत तेच नाव एकावर एक चढतं. खालच्या नावावर क्लिक केलं की त्या फेरीतला ‘एन’ वेगळा, वरच्या फेरीतला वेगळा. एन १ झाला की थर उतरू लागतात: १, २, ६, २४. त्या वेळी मी काही बोलत नाही. मुलंच एकमेकांना समजावत असतात.