आपला तिरंगा

विद्यार्थी मित्रांनो, स्वातंत्र्यदिनी आणि प्रजासत्ताकदिनी तुम्ही ध्वजवंदनासाठी मैदानावर रांगेत उभे राहता. ध्वज फडकला की आपोआप हात कपाळाकडे जातो. पण या तीन रंगांचा अर्थ काय? काही मुले म्हणतात, "केशरी रंग त्यांचा, हिरवा रंग आमचा." हे बरोबर आहे का? चला, ध्वजाचा इतिहास पाहू.

१९२१ मध्ये विजयवाडा येथे पिंगली वेंकय्या यांनी गांधीजींना ध्वजाचा एक नमुना दाखवला. त्यात लाल व हिरवा असे दोन रंग होते. गांधीजींच्या सूचनेवरून पांढरा रंग व चरखा त्यात आला. तेव्हा लाल रंग हिंदूंचा, हिरवा मुसलमानांचा आणि पांढरा इतर सर्व धर्मीयांचा, असा अर्थ सांगितला जाई. म्हणजे रंगांची वाटणी झाली होती! ही वाटणी अनेकांना पटली नाही.

म्हणून १९३१ मध्ये काँग्रेसने ध्वज बदलला. केशरी, पांढरा व हिरवा हे रंग ठरले, मध्ये चरखा राहिला. त्या वेळी स्पष्ट सांगण्यात आले, की कोणताही रंग कोणत्याही धर्माचा नाही. केशरी म्हणजे धैर्य व त्याग, पांढरा म्हणजे सत्य व शांती, हिरवा म्हणजे श्रद्धा व समृद्धी.

या ध्वजासाठी आपल्या भागातील लोकांनी प्राण दिले आहेत. १९४२ च्या 'चले जाव' आंदोलनात सरकारी कचेऱ्यांवर तिरंगा लावण्यासाठी मोर्चे निघाले. ३ सप्टेंबरला तासगावच्या कचेरीवर तिरंगा फडकला. त्या वेळी तासगाव सातारा जिल्ह्यातच होते. आपल्या माण तालुक्याशेजारी खटाव तालुका आहे. तेथील वडूज गावी ९ सप्टेंबरला मोर्चा आला. पुढे परशुराम घार्गे होते. पोलिसांनी गोळीबार केला. घार्गे यांच्यासह नऊजण हुतात्मे झाले. त्यांना वडूजच्या कचेरीवर एक कापड लावायचे होते, एवढेच का? नाही. हा देश आमचा आहे, हे त्यांना सांगायचे होते.

२२ जुलै १९४७ रोजी संविधान सभेने आजचा राष्ट्रध्वज स्वीकारला. चरख्याच्या जागी सारनाथच्या अशोकस्तंभावरील चक्र आले. चरखा मागच्या बाजूने उलटा दिसतो. चक्र दोन्ही बाजूंनी सारखेच दिसते. ते गडद निळ्या रंगाचे असून त्याला २४ आरे आहेत. डॉ. राधाकृष्णन यांनी सभेत सांगितले, की हिरवा रंग आपले मातीशी असलेले नाते दाखवतो आणि चक्र गती दाखवते. म्हसवडच्या माळरानावर पहिला पाऊस पडल्यावर कोवळे गवत उगवते. तो हिरवा रंग कोणत्या धर्माचा? तो तर सर्वांचाच!

ध्वजाची लांबी व रुंदी ३:२ या प्रमाणात असते. केशरी पट्टा नेहमी वर असावा. ध्वज जमिनीला लागू देऊ नये. फाटलेला ध्वज लावू नये. कागदी झेंडे कार्यक्रमानंतर रस्त्यावर टाकू नयेत. २००२ पासून कोणत्याही दिवशी आपल्या घरावर ध्वज लावण्याची मुभा नागरिकांना मिळाली आहे. मुभा मिळाली, तशी जबाबदारीही आली.

मित्रांनो, तिरंग्यातला एकही रंग वेगळा काढता येत नाही. एक पट्टा काढला, तर तो तिरंगाच राहत नाही. आपल्या देशाचेही तसेच आहे.

शब्दार्थ
त्याग – कुर्बानी
धैर्य – हिंमत
समृद्धी – खुशहाली
हुतात्मा – शहीद
मुभा – इजाजत

स्वाध्याय
१. १९२१ व १९३१ च्या ध्वजांत कोणता फरक होता?
२. चरख्याच्या जागी चक्र घेण्याचा कोणता फायदा झाला?
३. 'हिरवा रंग सर्वांचाच' असे लेखात का म्हटले आहे? तुमच्या शब्दांत लिहा.