शहर गेले, मठ राहिला

जुन्या गोव्यात येणारा प्रवासी बहुधा बाँ जेझूस आणि से कॅथेड्रल पाहून परत फिरतो. थोडे जण मोन्त सांतोच्या टेकडीवर चढतात, तेही संत ऑगस्टीनच्या चर्चचा अर्धा उरलेला मनोरा पाहायला. त्या मनोऱ्याजवळच जांभ्या दगडाची तीन मजली, चौकाभोवती उभी केलेली एक धिप्पाड इमारत आहे. बाहेरून तिला भल्याथोरल्या टेकूभिंती दिल्या आहेत. हा सांता मोनिकाचा मठ. पूर्वेकडचा, म्हणजे आशियातला, स्त्रियांचा पहिला ख्रिस्ती मठ म्हणून त्याची नोंद होते. या इमारतीत पावणेतीनशे वर्षे काय चालले होते, हे समजून घेतल्याशिवाय जुना गोवा समजत नाही, असे मला वाटते.

१६०६ साली आर्चबिशप फ्रेय आलेइशो द मेनेझिस यांनी मठाची पायाभरणी केली आणि १६२७ साली बांधकाम पुरे झाले. मेनेझिस स्वतः ऑगस्टिनियन संघाचे होते, म्हणून मठालाही त्याच संघाची नियमावली मिळाली आणि संत ऑगस्टीनच्या आईचे, मोनिकाचे, नाव मिळाले. विधवा झालेली फिलिपा फेरेइरा आणि तिची मुलगी या पहिल्या प्रवेश घेणाऱ्यांत होत्या. आई ‘सोरोर फिलिपा दा त्रिंदाद’ झाली आणि मठाची पहिली प्रमुखही. मेनेझिसांनी याच शहरात आणखी दोन आश्रयगृहे काढली होती. एक कुलीन पण निराधार स्त्रियांसाठी होते आणि दुसरे पूर्वायुष्याचा पश्चात्ताप झालेल्यांसाठी. सांता मोनिका त्या दोहोंहून वेगळा होता. तिथे शपथ घेतलेली स्त्री पुन्हा दाराबाहेर पडायची नाही.

हे बंधन गोव्यात जन्मलेले नव्हे. १५६३ साली ट्रेंटच्या धर्मपरिषदेने नन्सची कोंडवस्ती सक्तीची केली आणि ती पाळली जाते की नाही हे पाहायची जबाबदारी बिशपांवर टाकली. अशा मठात नातलगांशी बोलायचे ते लोखंडी जाळीआडून. वस्तूंची देवघेव व्हायची ती भिंतीत बसवलेल्या लाकडी फिरत्या पिंपातून. बाहेरच्याने त्यात वस्तू ठेवून ते फिरवले की वस्तू आत जाते आणि दोन्हीकडची माणसे एकमेकांच्या दृष्टीस पडत नाहीत. चर्चमध्येही नन्सची जागा निराळी, जाळीमागे असे. गावकरी मिस्सेला बसत तेव्हा त्यांना आतल्या बायकांचे फक्त आवाज ऐकू येत.

हा आवाजच मठाचे खरे काम होते. चोवीस तासांची आठ प्रार्थनांत वाटणी असे. मातिनश रात्रीच्या अंधारात, लाउदिश पहाटे, मग प्रीमा, तेर्सा, सेष्टा आणि नोआ या दिवसातल्या छोट्या प्रार्थना, सूर्यास्ताच्या सुमारास वेश्परश आणि झोपण्याआधी कोंप्लेतश. गाभा स्तोत्रांचा. बायबलमध्ये दीडशे स्तोत्रे आहेत आणि आठवडाभरात ती सगळी एकदा म्हणून व्हावीत, अशी जुन्या प्रार्थनाग्रंथाची रचना होती. नन्स दोन बाजूंना समोरासमोर उभ्या राहत. एका बाजूने एक चरण म्हणायचे, दुसरीने पुढचे उचलायचे. मधला विराम दोघींनी सारखा पाळायचा. पंढरीच्या वाटेवर दिंडीत दोन्ही रांगांतून अभंग फिरताना ज्याने ऐकला आहे, त्याला यातली गोडी वेगळी समजावून सांगावी लागणार नाही. भाषा लॅटिन. प्रार्थना स्वतःपुरती नसे. राजा, शहर, समुद्रावरची गलबते, दुखणेकरी, मेलेले, या सगळ्यांच्या वतीने ती म्हटली जाई. शहराने या बायकांना आत ठेवले ते एका अर्थी आपल्यासाठी कोणीतरी अखंड जागे असावे म्हणून.

बाकीचा दिवस या प्रार्थनांच्या मधल्या फटींत बसवलेला. ऑगस्टीनची नियमावली छोटी आहे आणि माणसे ओळखून लिहिलेली आहे. कोणी कशालाही ‘माझे’ म्हणू नये. कपडे एकाच कोठारातून मिळावेत. अन्न सगळ्यांना सारखे मोजून देऊ नये, ज्याच्या तब्येतीला जितके लागेल तितके द्यावे. जेवताना एकीने वाचावे, बाकीच्यांनी ऐकावे. भांडण झाले तर लवकर मिटवावे. ही नियमावली आठवड्यातून एकदा सर्वांसमोर वाचायची, म्हणजे विसरलो असे म्हणायला जागा राहत नाही. ऑगस्टीनचे एक पत्र आपसात बिनसलेल्या नन्सनाच लिहिलेले आहे. एका छपराखाली जन्म काढणे किती कठीण, हे त्याला ठाऊक होते.

नियमावलीतली समता मात्र गोव्याच्या समाजापुढे पुरती टिकली नाही. प्रवेशाला हुंडा लागे, त्यामुळे आत येणाऱ्या मुख्यतः पोर्तुगीज वंशाच्या सधन घरांतल्या मुली असत. काळ्या बुरख्याच्या नन्स प्रार्थना म्हणत आणि पांढऱ्या बुरख्याच्या भगिनी घरकामाचे ओझे उचलत. त्यांच्याही खाली नोकर आणि गुलाम बायका होत्या. काही मुली ओढीने आल्या असतील, काहींना घरच्यांनी पाठवले असेल. तरीही एक गोष्ट मला महत्त्वाची वाटते. मठाची प्रमुख कोण, हे नन्स स्वतः मत देऊन ठरवत. जमिनी, उत्पन्न, हिशेब, पत्रव्यवहार त्याच सांभाळत. श्रीमंत मुली मठात जातात, लग्नाला वधू उरत नाहीत आणि मालमत्ता कायमची अडकून पडते, अशी तक्रार नगरसभेने राजाकडे केली. मठाने ती अंगावर घेतली आणि तो टिकला. सतराव्या शतकातल्या गोव्यात स्त्रियांना असा कारभार दुसरीकडे फारसा मिळत नव्हता.

१६३६ हे वर्ष मठाला जड गेले आणि त्याच वर्षाने त्याचे नावही झाले. फेब्रुवारीत चर्चमधल्या क्रूसावरच्या ख्रिस्ताने डोळे उघडले आणि त्याच्या जखमांतून रक्त आले, असे नन्सनी सांगितले. तो क्रूस आजही भाविकांच्या श्रद्धेचे स्थान आहे. त्याच वर्षी आगीत मठ जळाला आणि पुढच्या वर्षी पुन्हा बांधायला घेतला गेला. बेबिंका ही गोव्याची मिठाईही याच मठातल्या सोरोर बेबियाना यांनी पहिल्यांदा केली, अशी आख्यायिका गोव्यात सांगतात. पोर्तुगालच्या मठांत अंड्याचा पांढरा बलक कपड्यांना खळ करायला जाई आणि उरलेल्या पिवळ्याची मिठाई होई. बेबिंकेतल्या बलकांचे प्रमाण पाहिले की आख्यायिका याच स्वयंपाकघरापाशी का आली ते कळते.

पुढे शहरच आजारी पडले. साथीमागून साथी आल्या आणि वस्ती उठू लागली. १७५९ साली व्हाइसरॉय पणजीला राहायला गेले. १८४३ साली पणजी अधिकृत राजधानी झाली. ज्यांना जाता येत होते ते गेले. सांता मोनिकातल्या बायकांना जाता येत नव्हते. त्याआधीच, १८३४ साली, पोर्तुगालने धर्मसंघ बरखास्त केले होते. पुरुषांचे मठ रिकामे झाले आणि शेजारच्या ऑगस्टिनियन चर्चचे छत १८४२ साली कोसळले. स्त्रियांच्या मठांना एवढीच मुभा मिळाली की आत आहेत त्यांनी मरेपर्यंत राहावे, नवी मुलगी घेऊ नये. एकेक नन गेली की स्तोत्राच्या एका बाजूचा एकेक आवाज कमी व्हायचा. ही पन्नास वर्षे माझ्या मनातून जात नाहीत. ज्यांच्या वतीने प्रार्थना चालायची ते शहर उरले नव्हते. शेवटची नन १८८५ साली वारली.

नंतर इमारतीत सैनिक राहिले. १९६४ साली तिथे मातेर देई संस्था सुरू झाली आणि २००२ पासून चर्चच्या एका भागात ख्रिस्ती कलेचे संग्रहालय आहे. मातेर देईत निरनिराळ्या संघांच्या धर्मभगिनी ईशज्ञान शिकायला येऊ लागल्या. पूर्वीच्या नन्सना या दारातून बाहेर पडायची मुभा नव्हती. या भगिनी शिक्षण संपवून आपापल्या शाळांत, दवाखान्यांत, वस्त्यांत कामाला जात.