किरकोळ मालाची मोठी वाट

गदगचं संकेश्वर घराणं छपाई आणि पुस्तकांच्या व्यवसायातलं. त्या घरातल्या विजय संकेश्वरांनी १९७६ मध्ये एक ट्रक घेतला. पुणे–बंगळुरू महामार्गावर आज जिच्या गाड्या सतत दिसतात, ती हुबळीची व्हीआरएल लॉजिस्टिक्स त्या एका ट्रकातून उभी राहिली. स्वतःच्या मालकीचे हजारो ट्रक बाळगणाऱ्या कंपन्या देशात मोजक्याच आहेत.

एक ट्रक घेणारे पुष्कळ; बहुतेक जण दोन-तीन गाड्यांवर थांबतात. भरगाडीचा माल दलालामार्फत मिळतो, अड्ड्यावर गाड्यांची रांग असते आणि कमी भाडं सांगेल त्याला फेरी मिळते. परतीचा माल नाही मिळाला, तर कमाई डिझेलात जाते. संकेश्वरांनी भर दिला तो पार्सलवर. अनेक व्यापाऱ्यांचा थोडा थोडा माल एकाच गाडीतून न्यायचा.

हे काम किचकट आहे. समजा, इचलकरंजीच्या कापडाच्या चार गाठी कोइमतूरला जायच्या आहेत. संध्याकाळी वजन होतं, बिल्टी फाटते, भाडं ‘पेड’ की ‘टू पे’, म्हणजे पाठवणारा भरणार की घेणारा, ते ठरतं, गाठींवर नंबर पडतात. वाटेतल्या मोठ्या गोदामात गाडी रिकामी होते, गावागावाचा माल वेगळा लागतो आणि जो शेवटी उतरायचा, तो पुढच्या गाडीत आधी भरला जातो. एक गाठ चुकीच्या ढिगात गेली, की व्यापाऱ्याचा वायदा चुकतो. शाखा, गोदामं, हमाल आणि चोख हिशेब असेल त्यालाच हा धंदा झेपतो. म्हणूनच त्यात दरही बरा मिळतो.

मुक्काम गदगहून हुबळीला हलवणं हा कळीचा निर्णय ठरला. पुणे आणि बंगळुरू दोन्हीकडे साधारण चारशे किलोमीटर, म्हणजे ट्रकचा एका रात्रीचा पल्ला. शिवाय कारवार, सोलापूर आणि बळ्ळारीचे रस्ते इथेच मिळतात. १९८३ मध्ये कंपनीची रीतसर नोंदणी झाली. पुढे मुलगा आनंद यांनी कारभारात साथ दिली.

हुबळीजवळच्या वरूरला कंपनीचा मोठा पसारा आहे. ट्रकच्या बॉडीचं काम कंपनी स्वतःच करते आणि ती वजनाला हलकी, लांबीला जास्त ठेवते. बॉडी हलकी झाली, की कायद्याच्या वजनमर्यादेत माल जास्त बसतो. पार्सल वजनापेक्षा जागाच अधिक खातं, म्हणून वाढलेली लांबीही कामी येते. देखभाल-दुरुस्तीही घरचीच. कर्ज फिटलेली गाडी अशी जपून वर्षानुवर्षं चालवली, की खरा नफा तिथे हाती लागतो.

घराण्याने इतरही क्षेत्रांत हात घातला. १९९६ मध्ये बससेवा आली, नंतर ‘विजय कर्नाटक’ हे दैनिक निघालं आणि २००६ मध्ये ते टाइम्स समूहाला विकलंही. २०१५ मध्ये व्हीआरएल शेअर बाजारात आली, तरी सूत्रं घरातच राहिली. विजय संकेश्वरांना २०२० ची पद्मश्री मिळाली.

कोल्हापूरपासून नागपूरपर्यंत कितीतरी घरांचे संसार ट्रकवर चालतात. त्यांनी या प्रवासातून गाड्यांचा आकडा घेऊ नये. भाड्यासाठी दलालावर आणि दुरुस्तीसाठी दुसऱ्याच्या गॅरेजवर असलेलं अवलंबित्व वर्षागणिक कमी करत नेणं, हा खरा धडा आहे. तेवढं साधलं, तर पुढचा ट्रक कर्जाचा बोजा न होता घराला हातभार लावतो.