संगणकाची कार्यप्रणाली : अपग्रेड की नव्याने स्थापना?

विंडोज १० या कार्यप्रणालीचे नियमित सुरक्षा-साहाय्य १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपुष्टात आले. परिणामी अनेक जुन्या संगणकांवर विंडोज ११ स्थापित करण्याचा प्रश्न उपस्थित झाला आहे. त्यासाठी मान्यताप्राप्त प्रोसेसर, किमान ४ जीबी रॅम, ६४ जीबी साठवणक्षमता आणि टीपीएम २.० ही सुरक्षा-सुविधा आवश्यक असते. या अटी पूर्ण होत असल्यास दोन मार्ग संभवतात.

पहिला मार्ग अपग्रेडचा होय. यात फायली, प्रोग्राम व फॉन्ट सहसा जसेच्या तसे राहतात. जुनी प्रणालीही सामान्यतः १० दिवस जपून ठेवली जात असल्याने परत फिरता येते. मात्र वर्षानुवर्षे साचलेले अनावश्यक प्रोग्राम व दोषही त्याबरोबर पुढे येतात.

दुसरा मार्ग सी ड्राइव्ह फॉरमॅट करून नव्याने स्थापना करण्याचा. व्हायरसने ग्रासलेल्या संगणकासाठी तोच श्रेयस्कर ठरतो. परंतु त्यात सी ड्राइव्हवरील सर्व काही पुसले जाते. डेस्कटॉपवरील फायलीही बहुधा तेथेच असतात.

मराठी अध्यापकांच्या दृष्टीने येथे आणखी एक धोका संभवतो. युनिकोडपूर्व फॉन्टमध्ये टंकलिखित केलेले शोधनिबंध व प्रश्नपत्रिका त्या फॉन्टशिवाय वाचता येत नाहीत. फाईल शाबूत असूनही पडद्यावर निरर्थक रोमन अक्षरे व चिन्हे उमटतात.

सारांश, संगणक निर्दोष असेल तर अपग्रेड आणि सदोष असेल तर नव्याने स्थापना इष्ट होय. तथापि कोणत्याही मार्गापूर्वी फायलींबरोबरच फॉन्टचीही प्रत बाह्य हार्ड डिस्कवर घेणे अगत्याचे आहे.