पत्त्यातली शेवटची ओळ

जठारपेठेत आमचा संध्याकाळचा वर्ग भरतो. एके दिवशी धडा होता, 'आपला पत्ता लिहा'. आम्ही फळ्यावर लिहून दाखवले. आधी नाव. मग पेठ. मग गाव. मग जिल्हा. मग राज्य. आणि सगळ्यांत खाली देश.

सगळे वहीवर वाकले. एक मावशी मात्र पेन्सिल हातात धरून बसून राहिल्या. म्हणाल्या, "जठारपेठ मले मालूम हाये. अकोला मालूम हाये. मुंबई बी एक डाव पाह्यली. पण हा भारत कोठी हाये, बाप्पा? तो मी काहून लिहू?"

वर्गात हशा पिकला. आम्हीही हसलो, आणि मग गप्प झालो. कारण प्रश्न काही वेडगळ नव्हता. घर डोळ्यांना दिसते. पेठ दिसते. देश असा ओट्यावर उभे राहून दिसत नाही. तरी माणूस म्हणतो, मी भारताचा. नुसते म्हणत नाही, त्याचा अभिमान धरतो. हे कशाच्या जोरावर?

या मावशींचे माहेर पूर्णाकाठचे. तेव्हा आपण तिथूनच सुरुवात करू.

पूर्णेच्या खोऱ्यातला खारपाणपट्टा तुम्हांला ठाऊकच आहे. अमरावती, अकोला, बुलढाणा अशा तीन जिल्ह्यांत तो पसरला आहे. विहीर खणावी तर पाणी खारट. त्या पाण्यात डाळ धड शिजत नाही. ते पिकाला दिले तर जमीन बिघडते. लेक द्यायची म्हटली तर बाप आधी विचारतो, गावात गोड पाणी आहे का? असा हा पट्टा. त्यातच दहीहंडा हे गाव आहे.

आता 1930 साल आठवा. राज्य इंग्रजांचे होते. मिठावर सरकारचा कर होता. परवानगीवाचून कोणी मीठ केले तर तो गुन्हा. गरिबाच्या भाकरीबरोबरच्या चिमूटभर मिठातही सरकारचा वाटा! गांधीजी 12 मार्चला साबरमतीच्या आश्रमातून पायी निघाले. 6 एप्रिलला दांडीच्या समुद्रकाठी त्यांनी मीठ उचलले आणि कायदा मोडला. मग देशभर लोक मीठ करू लागले.

पण वऱ्हाडात समुद्र कुठला? आपल्याकडे समुद्र नाही, पण खारट पाणी आहे ना! त्याच एप्रिल महिन्यात सत्याग्रही दहीहंड्याला जमले. खारे पाणी उकळून त्यांनी मीठ तयार केले. ते मीठ किती निघाले आणि चवीला कसे लागले, याला महत्त्व नव्हते. कायदा मोडला, याला महत्त्व होते. ज्या पाण्याला पिढ्यान् पिढ्या नावे ठेवली, त्याच पाण्याने वऱ्हाडाला देशाच्या लढ्यात जागा मिळवून दिली. पुढे जुलैत लोकनायक बापूजी अण्यांनी पुसदला जंगलातले गवत कापून जंगलाचा कायदा मोडला. तिथे गवत होते म्हणून गवत. ज्याच्या हाताशी जे होते, ते त्याने पुढे केले.

आता गंमत पहा. त्या वेळी कागदावर वऱ्हाड कोणाचे होते? 1853 साली निजामाने फौजेच्या खर्चाच्या देण्यापायी वऱ्हाड इंग्रजांच्या कारभारात दिले. 1902 साली ते सालीना 25 लाख रुपयांवर कायमचे भाडेपट्ट्याने दिले. होय, शेत मक्त्याने द्यावे तसे! पुढच्या साली कारभार मध्यप्रांताला जोडला. म्हणजे मालक हैदराबादेत, सरकार इंग्रजांचे, आणि कचेरी नागपुरात. 1936 साली तर निजामाच्या युवराजाला 'वऱ्हाडचा राजपुत्र' असा किताब मिळाला. ते राहत हैदराबादला. खारपाणपट्ट्यातले पाणी काही त्यांना प्यावे लागत नव्हते.

म्हणजे दहीहंड्याला मीठ करणाऱ्या माणसाने त्या दिवशी आपला पत्ता लिहिला असता, तर शेवटच्या ओळीत काय लिहिले असते? सरकारी कागद बघून लिहायचे तर मोठा घोळ झाला असता. पण त्याच्या मनात घोळ नव्हता. दांडीला जे चालले आहे ते आपलेच आहे, एवढे त्याला पक्के ठाऊक होते. देश कागदावर यायच्या आधी माणसांनी तो असा मनात धरला होता.

पुढेही आपल्या पत्त्यातल्या ओळी बदलत गेल्या. 1950 पासून आपण मध्य प्रदेशात होतो. 1956 च्या 1 नोव्हेंबरला मुंबई राज्यात आलो. 1960 च्या 1 मे रोजी महाराष्ट्र झाला. 1998 साली अकोल्यातून वाशीम जिल्हा वेगळा निघाला. एखादी म्हातारी एकाच घरात, एकाच चुलीपुढे बसून राहिली, आणि तिचे राज्य तीनदा बदलले. तिची बोली बदलली नाही. सणवार बदलले नाहीत.

इथे एक गोष्ट झाकून ठेवता येणार नाही. गोड पाण्याची विहीर असली तरी ती सगळ्यांची नव्हती. ज्यांना अस्पृश्य म्हणत, त्यांना तिथे पोहरा सोडता येत नसे. कोणी वरून ओंजळीत पाणी घालील तेव्हा प्यायचे. अशा माणसाला कोणी सांगितले की देशाचा अभिमान धर, तर त्याने विचारावे ना, की ज्या देशात मला पाणी नाही, तो माझा कसा? हा प्रश्न डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी सगळ्या देशाला विचारला. 1927 च्या मार्चमध्ये महाडला चवदार तळ्याचा सत्याग्रह झाला. त्याच साली आपल्या अमरावतीला अंबादेवीच्या मंदिरात सर्वांना जाता यावे म्हणून चळवळ उभी राहिली. डॉ. पंजाबराव देशमुख तिच्यात पुढे होते. नोव्हेंबरात तिथे परिषद भरली, तिचे अध्यक्ष बाबासाहेबच होते. आम्हांला तर ही माणसे मीठ करणाऱ्यांइतकीच देशाची वाटतात. एकांनी परक्यांशी भांडून देश आपला केला. दुसऱ्यांनी आपल्याच लोकांशी भांडून तो सगळ्यांचा केला.

26 जानेवारी 1950 पासून राज्यघटना लागू झाली. तिच्या 17 व्या कलमाने अस्पृश्यता बंद केली. ती पाळणे आता गुन्हा आहे. गावोगाव ती मनातूनही गेली आहे, असे मात्र आम्ही म्हणणार नाही. तुमचे गाव तुम्हीच बघा.

आणखी एक गोष्ट झाली. इंग्रजांच्या वेळी मत देण्याचा हक्क जमीनजुमला असलेल्या, कर भरणाऱ्या, शिकलेल्या थोड्या लोकांनाच होता. स्वतंत्र भारताची पहिली निवडणूक 1951-52 साली झाली. तेव्हा प्रत्येक जाणत्या बाई-माणसाला मत मिळाले. वाचता येत नसले तरी अडले नाही. पेटीवर चिन्ह होते. मालगुजाराचे मत एक, आणि त्याच्या सालदाराचेही एकच.

काही लोक म्हणतात, देशाचा अभिमान धरायचा तर गाव, जात, बोली विसरली पाहिजे. जात विसरली तर बरेच. पण गाव आणि बोली का विसरावी? आमच्या इकडची पोरे पुण्याला शिकायला जातात. तिथे 'काहून' म्हटले की कोणी हसते. मग पोरगा आपली वऱ्हाडी लपवू लागतो. आईचा फोन आला तरी बाहेर जाऊन हळू बोलतो. असा पोरगा पंधरा ऑगस्टला कितीही मोठ्याने घोषणा देवो, त्याच्या मनात कुठेतरी उणेपण राहतेच. आणि उलटेही असते बरं का. कोणी आपल्या देशाचे नाव घेऊन शेजाऱ्यालाच म्हणतो, तू इथला नाहीस. त्याला अभिमान म्हणत नाहीत. आपल्या मराठीत त्याला ताठा असा वेगळा शब्द आहे.

हे सारे आम्ही त्या मावशींना एका दमात सांगितले नाही. दोन-तीन संध्याकाळी गेल्या. दहीहंड्याची गोष्ट निघाली तेव्हा त्या सावरून बसल्या. "आमच्या त्या खाऱ्या पान्याचं मीठ? अन् सरकार त्याले भेलं?"

"हो, भ्याले."

त्यांनी वही पुढे ओढली. राज्याच्या ओळीखाली जागा रिकामीच होती. 'भ' काढताना त्यांचा 'म' झाला. तो खोडून त्यांनी पुन्हा लिहायला घेतले.