नवे गाणे कानाला का रुचत नाही?

दिवाळी पाडव्याच्या पहाटे नाशिकच्या पिंपळपारावर मैफल ऐकायला गर्दी लोटते. विलंबित ख्याल सुरू असतो तेव्हा काहींची चुळबुळ चाललेली असते, आणि ओळखीचा अभंग सुरू झाला की तीच माणसे मान डोलावू लागतात. त्या चुळबुळणाऱ्यांत मीही असतो. विशीत ऐकले तेच खरे संगीत, असे चाळिशी ओलांडलेल्या अनेकांना वाटते. आपल्या आईवडिलांनाही तसेच वाटत होते, हे मात्र आपण विसरतो.

याचे कारण गाण्यात कमी, आपल्या मेंदूत जास्त आहे. गाणे ऐकताना मेंदू पुढच्या सुराचा अंदाज बांधत असतो. समेच्या आधीच आपला हात उचलला जातो, तो त्यामुळेच. कॅनडातील माँट्रियलच्या संशोधकांनी २०११ मध्ये दाखवले, की आवडत्या संगीतातला परमोच्च क्षण येण्यापूर्वी, नुसत्या त्याच्या चाहुलीनेही मेंदूत डोपामाइन स्रवते. अनोळखी गाण्यात ही चाहूलच लागत नाही. मग आपण त्याला ‘कंटाळवाणे’ म्हणून मोकळे होतो.

पण हे दार कायमचे बंद नसते. याच संशोधकांनी २०१३ मध्ये काही जणांना कधीच न ऐकलेली गाणी ऐकवली आणि ती विकत घ्यायला किती पैसे द्याल, असे विचारले. ज्या गाण्यांना जास्त बोली लागली, ती ऐकताना मेंदूतील आनंदाशी निगडित भाग अधिक सक्रिय झाला होता. म्हणजे नव्यातही आनंद आहे. त्यासाठी कानाला थोडी ओळख हवी, आणि ती पुन्हा पुन्हा ऐकूनच होते.

सुरुवात जवळच्या वाटेने करावी. ‘बैजू बावरा’तले (१९५२) रफींचे मालकंसातले भजन बहुतेकांना पाठ असते. त्याच चित्रपटात अमीर खाँ आणि द. वि. पलुस्कर यांची जुगलबंदी आहे. हे पलुस्कर म्हणजे उत्तरायुष्यात नाशिकला रामनाम आधाराश्रम काढणाऱ्या विष्णू दिगंबरांचे चिरंजीव. जुगलबंदी रुचली, तर त्यांच्या तीन-साडेतीन मिनिटांच्या जुन्या ध्वनिमुद्रिका ऐका. मग अर्ध्या तासाचा ख्याल तितका परका वाटत नाही.

नवे संगीत ऐकल्याने स्मृतिभ्रंश टळतो, असे कोणी सांगितले तर लगेच विश्वास ठेवू नका. तसा ठोस पुरावा नाही. जुनी गाणीही टाकायची नाहीत. विस्मरण झालेल्या आजी-आजोबांना घरातल्यांची नावे आठवत नाहीत, तेव्हाही तरुणपणीचे गाणे अनेकदा ओळखू येते.

अमीर खाँ यांचा मारवा मी पहिल्या तीन वेळा अर्ध्यावरच बंद केला. चौथ्यांदा तो भांडी विसळताना लावला होता. सूर आता कुठे वळणार, हे तेव्हा जरासे कळू लागले आणि नळ तसाच वाहत राहिला.